धनुकलीचा हेवा

मित्रांनो, मी इस्लामपूरच्या नदाफांच्या घरातली एक जुनी धनुकली आहे. धनुकली म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल आणि त्यात तुमचा काही दोष नाही. तुम्ही ज्या गादीवर लोळत मोबाइल बघता, तिच्यातला कापूस आता मशीनमधून येतो, नाहीतर तिच्यात कापूसच नसतो. पूर्वी तो माझ्यासारखीच्या तातेवरून येत असे. माणसाच्या उंचीचा लाकडी दांडा, एका टोकाला रुंद फळी, दुसऱ्या टोकाला वाकडी मान आणि या दोहोंमध्ये ताणून बांधलेली तात, म्हणजे बकऱ्याच्या आतड्याची दोरी, असं माझं रूप आहे. गोळे झालेल्या जुन्या कापसात ही तात धरायची आणि तिच्यावर लाकडी गुटका मारायचा. तात थरथरते, कापसाच्या गाठी सुटतात आणि तो हलका होऊन उडतो. याला पिंजणं म्हणतात, आणि पिंजणारा तो पिंजारी.

आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा स्वभावाने गोड असतात. मी तशी नाही. आयुष्याची पंधरा वर्षं मी भिंतीवर टांगलेली होते आणि ती सगळी वर्षं मी दुसऱ्यांवर जळण्यात घालवली. असं जळायला रॉकेल लागत नाही. कुणावर जळले, किती जळले आणि त्यातून काय निघालं, ते मी तुम्हाला काही न लपवता सांगणार आहे.

मला कराडच्या नाथाजी सुतारांनी घडवलं. दांडा शिसवीचा आणि फळी सागाची. माझा मालक रहिमान तेव्हा अठरा वर्षांचा होता, मिसरूड नुकतं फुटलेलं. त्याच्या वडिलांनी मला त्याच्या खांद्यावर दिलं आणि दोनच गोष्टी बजावल्या. हिला कधी ओलांडायचं नाही, आणि दिवसाचं काम झालं की तात सैल करायची. ताणून ठेवलेली तात लवकर म्हातारी होते, असं ते म्हणत. रहिमानने या दोन्ही गोष्टी पाळल्या. संध्याकाळी तो आधी माझी तात सैल करायचा आणि मगच स्वतः पाणी प्यायचा.

लगीनसराईच्या आधी आम्ही गावोगाव फिरायचो. कडेगावच्या बाजूला तर आमचे महिनाभर मुक्काम पडत. रहिमान वेशीतून आरोळी द्यायचा आणि बायका घराघरांतून जुन्या गाद्या, दबलेल्या उशा अंगणात आणून टाकायच्या. मग दिवसभर माझा टुंय-टुंय असा आवाज गल्लीत घुमायचा. पोरं शाळा बुडवून समोर बसायची. कडेगावात मनुबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांना दुसऱ्या कुणा पिंजाऱ्याचं काम पसंतच पडत नसे. एकदा त्यांनी नव्याने भरलेली गादी हाताने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, ‘रहिमान, गादी कसली रं ही, ढग भरलास की ह्यात.’ ढग रहिमानने भरला हे खरं, पण पिंजला कुणी? मी मनातल्या मनात अशी फुगले की विचारू नका. त्या वेळी मला कुणाचा हेवा वाटत नसे, कारण हेवा करावा असं माझ्या तोडीचं आसपास कुणी नव्हतंच.

आणि मग एका वर्षी, एकाच महिन्यात, आमच्या घरात तीन गोष्टी आल्या. एक मशीन आलं, एक मुलगी आली आणि मधल्या खोलीच्या भिंतीत एक भलामोठा खिळा आला. खिळा माझ्यासाठी होता.

मशीन आणलं रहिमानच्या मुलाने, अजहरने. लोखंडी पेटी, पोटात दातेरी रूळ, मागे धूळ ओढणारा पंखा आणि धूळ साठवायला पिशवी. आवाज म्हणाल तर उसाचा ट्रॅक्टर घाटात अडकल्यासारखा. मी दिवसभरात जेवढा कापूस पिंजत असे, तेवढा ती सवत चहा निवेपर्यंत पिंजून मोकळी व्हायची. रूप नाही, सूर नाही, ना कधी कुणी तिच्यासमोर मांडी घालून बसलं. तरी अजहर तिला सणाला हार घालायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण मशीनपेक्षाही मला जास्त खुपली ती मुलगी. अल्फिया, अजहर आणि दिलशादची लेक. ती घरी आली त्याच दिवशी रहिमानने मला खांद्यावरून उतरवलं ते कायमचं. ज्या हातांनी त्याने मला पस्तीस वर्षं धरलं होतं, त्या हातांत आता ही गाठोड्याएवढी पोर असायची. तो तिला खाटेवर बसून खेळवायचा आणि मी समोरच्या भिंतीवरून ते बघायची. मुद्दाम दाखवायलाच मला समोर टांगलंय, असं मला वाटे. दर शुक्रवारी नमाजाहून आला की तो माझ्या दांड्यावरून तेलाचा बोळा फिरवायचा. आणि तोही तोंड बाजूला करून! मला ती भीक वाटे. मला तेल नको होतं. मला एकच गोष्ट हवी होती, रहिमानच्या हातात पुन्हा एकदा वाजायचं. एकदा, फक्त एकदा. पंधरा वर्षं मी हेच मागत होते आणि पंधरा वर्षं ती पोर मधे होती.

दरम्यान माझी तात उंदरांनी कुरतडून खाल्ली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अल्फिया मोठी झाली, नववीत गेली. दुकान आणि घर एकाच छपराखाली, त्यामुळे तिच्या केसांत, ओढणीवर कापसाचे तंतू असायचेच. वर्गातल्या मुकुल नावाच्या मुलाने ते हेरलं. तुम्हाला कापूसकोंड्याची गोष्ट माहीत असेलच. एकाने विचारायचं, ‘कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ दुसरा म्हणाला ‘सांग’, की पहिल्याने म्हणायचं, ‘सांग काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ दुसरा ‘नको’ म्हणाला तर ‘नको काय म्हणतोस’, गप्प बसला तर ‘गप्प काय बसतोस’. गोष्ट कधी सुरू होत नाही आणि छळ कधी संपत नाही. घरात आजोबांनी नातवंडांशी खेळला तर हा गमतीचा खेळ आहे. पण अख्ख्या वर्गाने मिळून पिंजाऱ्याच्या मुलीला रोज ही गोष्ट विचारली, तर ती गंमत उरत नाही. अल्फिया घरी येऊन दिलशादजवळ रडायची. खोटं कशाला बोलू, मला भिंतीवर बसल्या बसल्या बरं वाटायचं. भोग म्हणावं, माझी जागा घेतलीस ना.

त्यात त्यांच्या इंग्रजीच्या बाईंनी, शरयूबाईंनी, एक नवीनच काम दिलं. प्रत्येकाला एक इंग्रजी क्रियापद वाटून दिलं. आधी त्याचा हाताने करता येणारा अर्थ घरातली वस्तू आणून वर्गात करून दाखवायचा, मग तोच शब्द माणसाच्या मनासाठी कसा वापरतात ते सांगायचं. एकाला दळण्याचा शब्द आला, एकीला शिवण्याचा. अल्फियाच्या चिठ्ठीत शब्द निघाला ‘टीज’. टीज म्हणजे चिडवणं, एवढं सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मुकुल मागच्या बाकावरून म्हणाला की हिने वस्तू आणायची गरज नाही, आम्ही आहोत. सगळे हसले. बाईंनी दटावलं, पण हसू काही परत आत जात नसतं.

दुसऱ्या दिवशी अल्फिया शाळेला गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अजहर मुलीचं रडणं बघू शकणारा बाप नव्हता. तो म्हणाला, जाऊ नकोस दोन दिवस, दुकानात बस, मशीनवर हात बसव. दोन दिवसांचे आठ झाले. दिलशाद काळजीत पडली, कारण आठाचे ऐंशी व्हायला वेळ लागत नाही. शेवटी रहिमानने नातीला खाटेजवळ बोलावलं आणि शब्द कोणता म्हणून विचारलं. तिने सांगितलं. त्याने त्याचा हाताचा अर्थ विचारला. ती म्हणाली, चिडवायला हात कुठे लागतात, तोंडच पुरतं.

‘पुस्तकात बघितलंस का?’ रहिमान म्हणाला. ‘बाईंनी हाताचा अर्थ हाय म्हणून सांगितलंय, तर आसंल की.’

अल्फियाने नाखुशीनेच शब्दकोश उघडला. बोट फिरवता फिरवता ती थांबली. मग तिने सावकाश वाचून दाखवलं. कापूस, लोकर यांच्या गुंतलेल्या गाठी उकलून धागे सुटे करणं. चिडवणं हा अर्थ त्याच्या खाली होता.

रहिमान खाटेवर सावरून बसला. मग म्हणाला, ‘म्हंजे पिंजणं की गं. सायबाच्या बुकात आपलं काम हाय व्हय?’

आणि दोघांनी एकदमच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, पंधरा वर्षांनी माझ्याकडे कुणीतरी असं पाहत होतं. माझी वाकडी मान शक्य असती तर सरळ झाली असती. पण अजहरने लगेच विरजण घातलं. तो म्हणाला, ‘आवं अब्बा, ही ओझी कशापायी शाळंत न्यायची? मशीनचा व्हिडिओ काढून देतो, मोबाइलवर दावंल.’ आली का सवत मधे! वर्गातही तिचाच मान! पण रहिमानने मान हलवली. मशीन कापूस ओरबाडतं, पिंजत नाही, म्हणाला. त्या एका वाक्यावर मी पुढची पंधरा वर्षं काढली असती.

आता तात हवी होती. अजहर कामानिमित्त मिरजेला जाणार होता, त्याला सांगितलं. मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या तारा मिळतात, तार ती तार, असा त्याने हिशेब केला आणि चांगली चकचकीत पोलादी तार घेऊन आला. नुसतं मशीन चालवलेल्या पिंजाऱ्यानेच करावी अशी ही चूक. तार चढली, अजहरने गुटका मारून पाहिला, आवाजही खणखणीत आला, आणि खाली पाहिलं तर कापसाचा चुरा झाला होता. पोलाद कापसाला सोडवत नाही, तोडतं. रहिमानने चिमटीत चुरा धरून मुलाला दाखवला. रागावला नाही. त्याला एवढंच म्हणाला की तुला मी हे शिकवलंच नाही, चूक माझी आहे.

मग तो स्वतः निघाला. एसटीच्या मागच्या सीटमागे मला आडवं घातलं आणि आजोबा-नात मिरजेला लालासाहेब नावाच्या वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे आले. त्यांच्या दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदा तंबोरा पाहिला. काय ती बसण्याची ऐट! अंगावर नक्षी, भोपळा आरशासारखा, खाली मऊ गादी. तीही आमच्यासारखीनेच पिंजलेल्या कापसाची असणार. आम्ही दोघंही लाकडाची, दोघंही ताणावर जगणारी. त्याला छेडलं की लोक डोळे मिटून मान डोलवतात आणि मला छेडलं की लोक नाकाला पदर लावतात. मी त्याच्यावरही मनसोक्त जळून घेतलं. लालासाहेबांनी सारंगीसाठी जपून ठेवलेली आतड्याची तात काढली, माझ्या मापाची दुपदरी केली आणि खुंट्यांना अशी गाठ मारली की दोन माणसांनी ओढली तरी सुटू नये. येताना रहिमानला खोकल्याची उबळ आली आणि अल्फियाने त्याला वाटेत दोनदा पाणी दिलं. म्हातारपण, दुसरं काय, असं मला वाटलं. मला त्याच्या हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. आता वाजणार, आता वाजणार, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात कापूस पसरला. रहिमानने मला अंगणावर आलेल्या छपराच्या वाशाला दोरीने टांगलं, उंची नीट केली, तात बोटाने छेडून सूर पाहिला. माझा जीव तातेत गोळा झाला. आणि त्याने गुटका उचलून अल्फियाच्या हातात दिला.

तो स्वतः दहा पावलं मागे, दारात जाऊन उभा राहिला. नाकावर उपरणं धरून तिथून तोंडाने सांगत राहिला. जोर मनगटात ठेव, खांद्यात नको. तात कापसात बुडू दे, पण हरवू देऊ नकोस. मी संतापाने वेडी झाले होते. पंधरा वर्षांनी तात चढली ती या पोरीसाठी! तिच्या तिसऱ्याच टोल्याला मी अशी उसळले की तिच्या अंगठ्याचं कातडं सोलून निघालं. रक्ताचा थेंब कापसावर पडला. मला वाटलं, आता फेकेल गुटका. तिने अंगठ्याला फडकं बांधलं आणि पुन्हा उभी राहिली. चार दिवसांत तिने गाठी सोडवायला शिकून घेतलं. मी सोपं जाऊ दिलं नाही, तरी घेतलं.

मग तो वर्गाचा दिवस आला. शरयूबाईंनी बाकं मागे सरकवून जागा करून दिली. अल्फियाने मला खिडकीच्या गजाला टांगलं, चादर पसरली, घरून आणलेल्या जुन्या उशीचा गोळा झालेला कापूस टाकला. गुटका उचलला तेवढ्यात मागून मुकुलचा आवाज आलाच, ‘कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’

वर्ग खिदळला. मी कान टवकारले. खरं सांगायचं तर आता ती रडते की काय हे मला बघायचं होतं.

ती म्हणाली, ‘तुला येत नाही ती गोष्ट. बस खाली, मी सांगते.’

आणि तिने पिंजायला सुरुवात केली. माझा टुंय-टुंय आवाज वर्गाबाहेर गेला, शेजारच्या वर्गातली मुलं दारात आली. कापूस उशीएवढा होता तो टोपलीएवढा झाला. मग ती थांबली आणि बोलू लागली. आधी इंग्रजीत चार वाक्यं, मग मराठीत. टीज शब्दाचा पहिला अर्थ हा आहे, म्हणाली. गुंतलेलं हळूहळू सुटं करायचं. माझे दादा, म्हणजे आजोबा, सांगतात की तात एवढीच लागली पाहिजे की गाठ सुटेल आणि धागा तुटणार नाही. पोलादाची तार लावली तर आवाज मोठा येतो, पण कापसाचा चुरा होतो. शब्दाचा दुसरा अर्थ चिडवणं. तोही वाईट नाही. घरात दादा मला चिडवतात तेव्हा माझा रुसवा सुटतो. वर्गात चिडवलं की मी शाळा सोडायला निघाले. शब्द एकच आहे, तार वेगळी आहे.

कुणी हसलं नाही. एका मुलीने विचारलं की मग दादांनी हे काम का सोडलं.

अल्फियाने माझ्या दांड्यावर हात ठेवला. म्हणाली, ‘त्यांच्या छातीत कापूस बसलाय. पस्तीस वर्षं तो श्वासातून आत गेला. मी जन्मले त्या दिवशी ते पिंजून आले आणि मला घ्यायला वाकले, तर त्यांना एवढा खोकला आला की घेताच येईना. डॉक्टरांनी सांगितलं, आता कापसाजवळ गेलात तर वाचणार नाही. माझ्या अब्बांनाही हे होऊ नये म्हणून दादांनीच त्यांना धूळ ओढणाऱ्या पंख्याचं मशीन घ्यायला लावलं. ही धनुकली विकायला त्यांचा जीव होईना. खाटेवर पडल्या पडल्या दिसावी म्हणून त्यांनी ती समोरच्या भिंतीवर लावली. तेल लावतानासुद्धा ते तोंड बाजूला करतात, तिच्या फटींत अजून धूळ आहे म्हणून.’

मित्रांनो, मी लाकडाची आहे. मला रडता येत नाही, मेल्याहून मेल्यासारखं मात्र होता येतं. ज्याला मी भीक म्हणत होते, ते काय होतं हे मला नववीच्या वर्गात, खिडकीच्या गजाला लटकताना कळलं. कडेगावच्या अंगणांत मी मिरवत होते, ढग भरत होते, तेव्हा त्यातला अर्धा ढग मी त्याच्या छातीत भरत होते. आणि वर तोंड करून पंधरा वर्षं मागत होते, एकदा, फक्त एकदा.

मुकुलचं चिडवणं त्या दिवशी बंद झालं म्हणाल तर तसं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो काखेत स्वतःची दबलेली उशी मारून दुकानात आला आणि अल्फियाने त्याला दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं. तिची शाळा मात्र त्यानंतर कधी सुटली नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण शरयूबाईंनी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी रहिमानलाच बोलावलं. व्यासपीठावर दोन शब्द बोला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. रहिमानने पांढरा सदरा इस्त्रीला दिला आणि घरात जाहीर केलं की बोलायचं मला जमत नाही, मी पिंजून दाखवणार. अजहर भांडला, दिलशादने हात जोडले. अल्फिया म्हणाली, दादा, मी पिंजते, तुम्ही नुसते जवळ बसा.

‘एकच डाव, पोरी,’ रहिमान म्हणाला. ‘लोकांफुडं एकच डाव. मग काय बी म्हणणार न्हाई मी.’

त्याच्या तोंडून माझंच मागणं बाहेर पडलं होतं. म्हणजे त्या खाटेवरून तोही पंधरा वर्षं तेच मागत होता.

दुपारची वेळ होती. मंडपात सगळी शाळा बसलेली, पुढच्या रांगेत अजहर आणि दिलशाद. अल्फियाने दादांच्या नाकावर ओला रुमाल बांधला. मला उंच बांबूला टांगलं होतं, खाली कापूस होता. रहिमानने डाव्या हाताने माझा दांडा धरला. तो हात मी आंधळी असते तरी ओळखला असता. त्याने गुटका उचलला आणि पहिला टोला मारला.

काय सांगू तुम्हाला! असा सूर माझ्यातून निघाला की माझाच मला विश्वास बसेना. लेकीबाळी माहेरी आल्यावर अंगण जसं भरतं, तशी मी भरले. दुसरा टोला. कापूस उसळला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, बारीक तंतू उन्हात तरंगू लागले. रुमाल एवढासा आणि तंतू एवढे. दांड्यावरच्या त्याच्या हातातून मला त्याची छाती कळत होती. आत खोकला दाबून धरलेला होता, श्वास अडकत होता, आणि तो हसत होता. तो थांबणार नव्हता. मी त्याला ओळखते, सूर लागला की तो थांबत नाही. त्याने तिसऱ्या टोल्यासाठी हात उचलला.

माझी तात खुंटीवरून सुटली आणि खाली लोंबकळली.

मंडपात सगळे हळहळले. शरयूबाई म्हणाल्या, जुनं लाकूड आहे, व्हायचंच. अजहर धावत आला आणि वडिलांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. रहिमानने रुमाल काढला, मोकळा खोकला, पाणी प्यायला. मग माझ्या मानेवर हात ठेवून हळूच म्हणाला, ‘दमलीस व्हय गं?’ व्यासपीठावरचा राहिलेला कार्यक्रम अल्फियाने बोलून पूर्ण केला. लालासाहेबांची गाठ आपोआप सुटत नसते, हे मिरजेत कुणालाही विचारा.

आता मी पुन्हा त्याच खिळ्यावर, त्याच खाटेसमोर आहे. अल्फियाने माझ्या फटींतली धूळ ओल्या फडक्याने टिपून काढली आहे, त्यामुळे शुक्रवारी तेल लावताना रहिमान तोंड बाजूला करत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते. पण वस्तूला तेल लावण्याआधी, ती वापरून ज्याचं आयुष्य झिजलं त्याच्याजवळ जाऊन बसा. तुला झोप लागते का, तुला श्वास पुरतो का, हे त्याला विचारा. आम्ही लाकडं वाट पाहू शकतो.

माझा हेवा गेला का, असं विचाराल तर नाही गेला. मशीनचा मला आजही हेवा वाटतो, पूर्वीपेक्षा जास्तच. अजहर दिवसभर तिच्याजवळ उभा असतो आणि संध्याकाळी घरात येऊन मुलीशी तासभर हसतो, बोलतो, आणि एकदाही खोकत नाही.